चारशे एमबीतले बाबा

…आणि वर मलाच म्हणतात, "डोळ्याला फरक कळत नाही हो!" कुणाच्या डोळ्याला? तुमच्या? नाही, तुम्ही हसू नका, तुम्हाला सांगतो, माणसानं घर बांधावं, लग्न करावं, वेळ आली तर अक्कलदाढसुद्धा काढून घ्यावी, पण व्हिडिओ लहान करायला म्हणून बसू नये!

झालं काय, आमचे बाबा जाऊन झालं वर्ष. आणि बाबांचा हलता-बोलता व्हिडिओ म्हणाल तर एकच. कॅमेरा दिसला रे दिसला की बाबा चपला शोधायला लागायचे! मग हा कसा सापडला? आई वाचनालयातून रिटायर झाली, निरोप समारंभात सगळ्यांनी तिला गायला लावलं, मी मोबाइल धरला, आणि तिच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कोण? बाबा! आई गातेय आणि हे मागे बसून तिच्याबरोबर ओठ हलवतायत. आवाज नाही, नुसते ओठ. परवा आईनं ते माझ्या मोबाइलवर पाहिलं, मोबाइल पार नाकाला लावला आणि म्हणाली, "एवढुसे दिसतात रे. टीव्हीवर लावून दे ना." बस्स. वर्षभरात बाईनं तोंड उघडून मागितलं काय, तर एवढं.

मी म्हटलं, हात्तिच्या! पेन ड्राइव्ह टीव्हीला खुपसला की झालं. झालं कसलं… फाइल एकोणीस जीबीची! आणि आईचा टीव्ही बारा वर्षांचा, चार जीबीच्या वरचा घास त्याच्या घशाखाली उतरत नाही. लावला मेहुण्यांना फोन. आमचे मेहुणे म्हणजे विषय काढायची खोटी! "त्यात काय एवढं? कोडेक बदला!" कोडेक म्हणजे व्हिडिओची घडी घालायची पद्धत हो. नव्या कोडेकची घडी लहान, कापड तसंच्या तसं. लॅपटॉप चार तास घुं घुं करत बसला, फाइल झाली सुरेख, साडेतीन जीबी, आणि टीव्ही म्हणतो, ओळखत नाही! मग जुना कोडेक. त्याला टीव्ही ओळखतो, पण घडी ही एवढी, गादीसारखी! "मग दाबा," मेहुणे म्हणाले. "दाबा म्हणजे?" "क्वालिटी उतरवा. तीन जीबी करा, दोन करा… अहो, चारशे एमबी करा, डोळ्याला फरक कळत नाही!"

चारशे म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जुन्या कोडेकमध्ये चार जीबीच्या आतलं काहीही चालत होतं हो! कुणी सांगितलं होतं चारशेपर्यंत उतरायला? पण हाव… फाइल झाली, मी लावून पाहिली. कुठे पाहिलं? पडद्यावर गाणाऱ्या आईकडे. चष्म्याची काडी, कानातलं, माइकची वायर, सगळं झकास. म्हटलं, खरंच की, डोळ्याला फरक कळत नाही! आणि मोबाइल गच्च भरलेला, म्हणून मूळ फाइल… हो. उडवली. या हातानं. कचऱ्याच्या डब्यातूनही उडवली, लॅपटॉपवरच्या आधीच्या फाइलीही उडवल्या, मला अर्धवट काम आवडत नाही ना! आणि दोन्हीकडे मोकळ्या झालेल्या जागेत काय भरलं? ऑफिसच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ! 'आग लागल्यास काय करावे', भाग एक ते नऊ.

संध्याकाळी आईला लावून दिलं. टीव्हीतली आई गायला लागली, आणि खुर्चीतली आई पुढे सरकली, अजून पुढे सरकली. "अरे… यांचे ओठ?" बघतो तर बाबा बसलेत खरे, पण तोंडाच्या जागी नुसता सपाट डाग. हलतच नाही! मेहुण्यांना फोन केला, भांडलोच. तर कसे म्हणतात, अगदी समजावणीच्या सुरात, "त्याचं काय आहे, समोर जे जोरात हलतं ते कोडेक जपतो. मागे अंधारात बारीकसं काही हललं, तर तो म्हणतो, आहे तसंच आहे, कशाला साठवा?" कशाला साठवा! अहो, आम्ही घरचे तरी जन्मभर दुसरं काय करत आलो? बाबा मागे बसलेत ना? बसू देत. काही म्हणतायत का? नाही ना? मग झालं! मी त्या कोडेकला कोणत्या तोंडानं शिव्या देऊ?

उडालेल्या फाइली परत काढून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे पळालो. त्यानं दोन दिवस मोबाइल, लॅपटॉप दोन्ही ठेवून घेतलं आणि सांगतो कसा, "साहेब, त्या जागेवर दुसरं बसलंय. पण आगीचे व्हिडिओ बाकी एक नंबर आलेत हां!"

आईला सांगायला गेलो. रडलोच, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. आई म्हणाली, "जाऊ दे रे. चाळीस वर्षं सांगत होते यांना, मी गाताना समोर बसून ओठ हलवू नका, माझं लक्ष जातं. म्हणून तर मागे जाऊन बसायचे. आता ऐकलं म्हणायचं." आणि हसली की! मला वाटलं, चला, सुटलो.

कसला सुटतोय… रोज सहा वाजले की ती टीव्ही लावते. मी आपला दारात उभा. गाणं निम्म्यावर आलं की उठते, पडद्याजवळ जाते, त्या डागाशी तोंड नेते आणि हळूच म्हणते, "हलवा हो आता. मी काही बोलणार नाही."