खुर्चीवरचा शर्ट

मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बहीणभाऊ होते.

"ताई, खरं सांग, घाबरलीस ना?"

"ती हडळ खुर्चीला शर्ट घालून बटणं लावत बसली, तेव्हा अंगावर काटा आला."

"बघ! सगळं थिएटर किंचाळलं. लिहितानाच मला माहीत होतं."

"शर्टाचं वरचं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं."

"बारकावे लागतात गं."

"तो बाबांचा शर्ट आहे. आई कधीची शोधतेय घरभर! तू नेलास?"

"खऱ्या वस्तूने सीनला वजन येतं."

"बाबा गेल्यावर आई रोज तसंच करायची. खुर्चीला शर्ट घालायची आणि त्याच्याशी बोलत बसायची. तू आईला हडळ केलंस?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"आणि आत काय करत होते?"

"तेव्हा ती भ्रमिष्टच झाली होती ना, ताई! तिला कुठे आठवतंय?"

"दुःख झालं होतं रे तिला."

"गप्प, आई येतेय. आई, तू कशाला उठलीस? आम्ही आणतोय ना."

"मला काही नको. तू लिहिलंयस म्हणून तुलाच विचारते. शेवटी त्या बाईचं काय करतात रे?"

"ते… आत कळेलच की."

"जाळतात?"

रांग पुढे सरकली. तो जागचा हलला नाही.

"हो, आई."

"मग तो शर्ट तरी आधी काढून ठेवतात ना?"