दोनशे गावप्रमुखांचं एकच थोबाड

घानातल्या तामाले शहरात सकाळच्या लापशीच्या रांगेत फुसेनी उभी होती. पुढे सुमानी आपल्या मित्राला, नापारीला, ऐकवत होता.

"कुणाला पटायचं नाही, नापारी! आपल्या भाषेच्या विकिपीडियावरची दोनशे गावप्रमुखांची पानं मी एकट्याने सजवली."

"एकट्याने?"

"एकेक पान, हाताने! आपल्या पट्टेरी डगल्यासारखी किनार प्रत्येक पानाला. बोटं झिजली, बाबा. आज विकिपीडियाचा प्रशासक निवडताना मत मलाच दे."

"पण सगळ्या पानांना एकच साचा असतो, तो एकदा बदलला की सगळी पानं आपोआप बदलतात म्हणे."

"ते आळशांचं काम! मी एकेका प्रमुखासमोर बसून फोटो काढलाय."

फुसेनीने फोन उघडला. दोन-चार पानं पाहिली, मग सुमानीकडे पाहिलं.

"काय बघताय, मावशी?"

"माझ्या वडिलांचं पान. तेही गावप्रमुख होते. ते गेले तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता."

"मग... त्यांचा जुना फोटो मिळवला असेल."

"बोटं झिजली ना, लेका? मग साच्यात नमुना म्हणून लावलेला स्वतःचा फोटो काढून टाकायला एकही बोट उरलं नाही? दोनशेच्या दोनशे प्रमुखांना तुझंच थोबाड आहे, माझ्या बापालासुद्धा!"