येडशीपासून फर्स्ट क्लास

हॅलो?

हॅलो… हां, येडशी दूध सोसायटी. कोण बोलतंय? …सोलापूरचा ट्रंक कॉल? मग द्या की बाई जोडून, सकाळपासून त्याचीच वाट बघतोय. चांगुणाच बोलतेय.

हॅलो, बलभीम? …अरे जोरात बोल. रेल्वेत नोकरी करतोस आणि आवाज चोरट्यासारखा.

व्हय, आलीय आई. समोरच बसलीय. …दुधाचं काम झालं माझं, कॅन गेले, फॅट बघून झाली. तू बोल. निघतोय का पास?

…

खरंच? …पहिल्या वर्गाचा? …आता तुला लागू झाला, कायमचा?

थांब. थांब जरा. …आई, ऐकलंस का, तुझ्या लेकाला रेल्वेनं फर्स्ट क्लास दिला. …व्हय, गादीचा डबा. …काय करती म्हणजे? काही न्हाय. डोक्यावरचा पदर नीट केला नुसता.

अहो तात्याराव, पेपर खाली घ्या, ऐकू येत असंल तर सरळ ऐका. आमचा बलभीम. सोलापुरात रेल्वेत आहे. दसऱ्याला आईला घेऊन नागपूरला चाललाय, दीक्षाभूमीला, फर्स्ट क्लासनं. …चेअरमन आहेत रे आमचे, तात्याराव. समोर बसलेत. पेपर उलटा धरलाय.

हां, बोल बोल. …वर्षाला पासाचे तीनच सेट मिळतात. बरं. …एक वहिनीच्या माहेराला गेला. एक पोरांना मुंबई दाखवली त्यात गेला. म्हणजे हा शेवटचा. मग शेवटचा तर शेवटचा, नागपूरला लाव. अडतंय कुठं?

…डिसेंबरात मेव्हणीचं लग्न. …मग? लग्नाला एस.टी. जात न्हाय का?

…हो, हो… अरे ऐक ना. वहिनीला मी सांगते. वहिनीचं सोड. तुझं काय म्हणणं, ते सांग. अर्ज कधी द्यायचाय? …आज? आज संध्याकाळी साहेब सही करणार आणि तू आत्ता विचारतोस?

बरं. …काय? कुणासाठी? …परत सांग, खरखर व्हायलीय.

अटेंडंट.

म्हणजे काय ते? …हां. फर्स्ट क्लासच्या पासावर एक नोकर नेता येतो. सेकंडच्या डब्यात. फुकट. …बरं, नियम चांगलाय. साहेब लोकांनी साहेब लोकांसाठी केलेला दिसतोय. पण आपल्याकडं कुठला नोकर?

…

…

बलभीम.

बलभीम, थांब. तू आता जे म्हणालास ते मी ऐकलंच न्हाय असं समजू का?

…चार जणांचा कप्पा असतो. तू, वहिनी, दोन पोरं. बरं. …आणि आई मागं, सेकंडमध्ये. …कागदावरच फक्त. हां. …तिला तिथंच बरं वाटंल. माणसांत. …फर्स्ट क्लासात ती अवघडंल.

अवघडंल? ती आता चेअरमनच्या समोरची खुर्ची ओढून बसलीय, पाय वर घेऊन. अवघडलेत ते चेअरमन.

मला एक सांग. आधी हे सांग, बाकीचं नको. नियमात आईचं नाव फर्स्ट क्लासात लागतं का न्हाय? …हो का न्हाय? …विधवा आई, मुलावर अवलंबून. …लागतं ना? …दोन पोरं एका बाकावर झोपतील, झालं. मग कागदावर नोकर कशाला लिहायची? लेकानं आपल्या हातानं?

हळूच बोलतेय. माझा आवाज मला म्हाईत आहे. समोर बसलीय ती.

…तू ऐक आता. मधे बोलू नकोस, तीन मिनिटांची घंटा व्हायच्या आत मला बोलू दे. छप्पन साली आपला बाप नागपूरला गेला. अर्धं गाव गेलं, मिळंल त्या गाडीनं, मिळंल त्या डब्यात. आई का न्हाय गेली? …सांग की, का न्हाय गेली? …तू पोटात होतास म्हणून. बाप येऊन देवळीतले देव विहिरीत टाकून मोकळा झाला, आणि ही दारात उभी, पोट धरून. म्हणाली, पुढच्या साली जाईन. ते पुढचं साल अजून उगवतंय. आणि ज्या पोरापायी राहिली ते पोरगं आता तिला नोकर म्हणून न्यायला निघालं.

…बाई, तीन मिनिटं झाली ते कळलं मला. वाढवा. …हो, सोलापूरकडनं वाढवा, तिकडं कमावता माणूस आहे.

…हॅलो? हां. आणि बहात्तर साल विसरलास? तू बार्शीला बोर्डिंगात. गावात प्यायला पाणी न्हाय, सरकारी कामावर आई खडी फोडती. सुकडी मिळायची कामावर, तिथंच खायची. ही अर्धी पदराला बांधायची. आणि बुधवारी रामलिंगाच्या डोंगरातली सीताफळं पाटीत घालून छोट्या रुळाच्या गाडीनं बार्शीला. त्या साली फळंसुद्धा लिंबाएवढी. डब्यात आत बसू द्यायचे न्हायत, मोरीच्या दारापाशी उकिडवी बसायची. फळं विकायची आणि सुकडी तुला आणून द्यायची. खाल्लीस ना तू ती? …मग.

आणि फर्स्ट क्लास तिला तू दाखवणार? तिनं तुझ्या आधी बघितलाय तो. खालून. खिडकीखाली उभी राहून फळ वर धरायची. घेणारा वरनं पैसे टाकायचा. हातात देत नव्हता. टाकायचा. ते मातीत पडायचे, ही वेचायची, तवर गाडी हलायची. मी होते पाटीपाशी. मी बघितलंय. त्या खिडकीच्या आत तिनं कधी डोकावलं न्हाय रे. लाज वाटायची म्हणून न्हाय. वेळ नव्हता.

…काय? …बोल की.

…

कधी? …ऑगस्टात? मुंबईला गेलात तेव्हा? तेव्हाही फर्स्ट क्लासच होता? …साहेबानं तेवढ्या वेळेपुरता लागू करून दिला होता. आणि आम्हाला सांगितलं न्हायस. …का?

…हां. …हां. कप्प्यात आणखी एक माणूस होता. बरं. …नाव विचारलं. …आडनाव विचारलं. …गाव विचारलं. …मग पास बघायला मागितला. टीसीनं? …टीसीनं न्हाय, त्या माणसानं? बसलेल्या माणसानं? आणि तू दाखवलास?

…दाखवलास.

…आणि तो सामान उचलून दुसऱ्या कप्प्यात गेला. …वहिनीसमोर. पोरांसमोर. …पोरगी काय म्हणाली? …“काका का गेले.”

बलभीम… रडतोस का? …बरं, सर्दी. असू दे सर्दी.

हे मला आधी सांगायचं होतंस. मी भलतंच धरून बसले. मला वाटलं तुला आईची लाज वाटायलीय. …न्हाय, बोललेलं मागं घेत न्हाय. नोकर लिहिणं ते चूकच. पण आता कळलं. आईला ते बघायला लागू नये असं तुला वाटतंय. …व्हय. …व्हय रे. मला कळतंय.

पण मग असं बघ, तो माणूस तुला नोकरीला ठेवून गेला म्हणायचा. आता तूच त्याचं काम करायलास. तो ज्यांना उठवू शकला न्हाय त्यांना तू आधीच उठवायलास.

…थांब. आई खुणा करायलीय. …काय गं? …काय म्हणतो व्हय, विचारती. …सांगू का? …न्हाय, मी लपवणार न्हाय तिच्यापासून. तिच्या प्रवासाचं तिच्यामागं ठरवायचं न्हाय. …तू थांब लाईनीवर, फोन ठेवलास तर बघ.

आई, तो म्हणतो, फर्स्ट क्लासात एक माणूस त्याला जात विचारून उठून गेला. दुसरीकडं जाऊन बसला. म्हणून तुला मागच्या डब्यात बसवावं का, असं त्याच्या मनात आलं. तुझ्या जीवाला लागू नये म्हणून.

…

बलभीम, ऐकतोस? ती हसायलीय. …खरंच हसायलीय. म्हणती, “त्यो उठून गेला तर बरंच की. पाय पसरायला जागा झाली.”

…हां. आता तू पण हसलास.

…ऐक, अजून बोलती. म्हणती, “म्या पास दाखवणार न्हाय. विचारलं तर म्हणीन, तुजा दाव आधी.” …असंच करंल ती. तुला म्हाईत आहे.

तात्याराव, काय म्हणालात? …म्हातारीला कशाला दगदग? अहो, तुम्ही सोसायटीच्या खर्चानं मुंबईला जाता तेव्हा फर्स्ट क्लासनंच जाता ना? तिथं दगदग होती का गादी असती? मग. हिच्या म्हशीचं दूध चालतं सोसायटीला, हिची गादी चालत न्हाय का? …न्हाय, भांडत न्हाय मी. विचारते.

…हां बलभीम. मग अर्ज लिही. …कुठून कुठं? …कुर्डुवाडी ते नागपूर. म्हणजे तिनं एस.टी.नं कुर्डुवाडीला यावं आणि तिथून मोठ्या गाडीत बसावं. ठीक आहे, तेच सोयीचं… काय गं आई? …न्हाय म्हणती.

…न्हाय म्हणती रे. येडशीपासून म्हणती.

अगं, छोट्या गाडीचा फर्स्ट क्लास म्हणजे काय, धूळ खात पडलेला एक कप्पा, कुलूप लावलेला. …तो पण तेच म्हणतोय. धक्के बसतात, त्यापरीस एस.टी. बरी. …ऐकत न्हाय. म्हणती, कुर्डुवाडीत तिला कोण वळखतंय? तिथं राणी बसली काय आणि सरुबाई बसली काय. इथल्या फलाटावर पाटी घेऊन पळाली ती. इथल्या मास्तरनं स्वतः कुलूप काढावं, आणि दार धरावं. …एवढंच पाहिजे तिला. बाकी गादीवर तुमचं तुम्ही बसा म्हणती.

…होतं का तसं? येडशीपासून लिहिता येतं? …बरं. जागेची चिठ्ठी आधी पाठवावी लागंल, कळलं. …मेव्हणीच्या लग्नाचं काय मग? …तूच सांगशील वहिनीला? …बघ हां. …शाब्बास.

तात्याराव म्हणतात, स्टेशनापर्यंत सोसायटीची जीप देतो. …आई नको म्हणती. चालत जाईन, बाजारातनं. जीपमधी कुणाला दिसणार.

…वाढवा बाई, एक शेवटचं. …बलभीम, लिहितोस ना? मला वाचून दाखव. …सरुबाई. …नातं, आई. …वर्ग, पहिला. …येडशी ते नागपूर आणि परत. …अटेंडंटच्या जागी काय लिहिलंस? …रेघ मारलीस. चांगली जाड मार.

हां, आणखी एक विचारती. पाटी चालती का डब्यात. …सीताफळांची. पाडाला लागलीत ना आता. …अरे विकायला न्हाय. खायला. खिडकीत बसून नागपूरपर्यंत खाणार म्हणती, पोरांना घेऊन.

…बिया? …थांब, विचारते. आई, बलभीम म्हणतो बियांचं काय करशील. खिडकीतनं टाकशील का?

…न्हाय म्हणती. पदरात धरीन म्हणती. खिडकीखाली कोण उभं असंल, सांगता येत न्हाय.