दऱ्यांचा दर्या

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही. शब्दही साधेच आहेत.

मी नाशकात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सुरगाण्याच्या एका गुरुजींचा फोन आला. त्यांच्या शाळेतला कॉम्प्युटर मीच बसवून दिला होता. "अरे, पोरांच्या पुस्तकात 'आमच्या दऱ्या' टाइप केलं, तर 'आमच्या दर्या' छापून येतंय. डोंगरात समुद्र आणला की रे तू!"

टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ही चूक सुधारली होती, पण शाळेच्या जुन्या मशीनवर ती आवृत्ती चालेना. सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला होता. मी तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवली आणि सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या परदेशातल्या बाईंना पाठवली.

त्यांनी विचारलं, "इतकी जुनी आवृत्ती वापरतं कोण?"

तासभर इंग्रजी जुळवून मी लिहिलं, "दरीत राहणारी मुलं. त्यांचं पुस्तक अडलंय. सॉरी."

संध्याकाळी उत्तर आलं, "मग तुझी दुरुस्ती घेतलीच पाहिजे. आणि इतक्या चांगल्या कामाबद्दल सॉरी म्हणू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त सॉफ्टवेअरचा पेन ड्राइव्ह खिशात घालून सुरगाण्याच्या जीपमध्ये बसलो. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय काम करतो रे बाबा?"

एरवी मी "रिपेरिंग" म्हणतो. त्या दिवशी म्हणालो, "सॉफ्टवेअर बनवतो."