थोरलं नातवंड

सकाळी आठला किरगिझस्तानातली नारीनला जाणारी गाडी थांबली; बर्फामुळे खिंड बंद होती. स्टँडवरच्या शेगडीशी चालक तोलोगोन हात शेकत होता. शेजारच्या बाकावर सासू-सून आणि सहा वर्षांची आयपेरी.

“तुझी सुट्टी संपली, तू जा. पोरीला कुठं नेतेस?”

“शाळेत घालायचंय, सासूबाई. माझीच मुलगी आहे ना?”

“थोरलं नातवंड आजीचं, ही आपली रीत. तूच माझ्या ओटीत घातलंस.”

“मला विचारलं होतं कुणी?”

“मला तरी कुठं विचारलं होतं? तुझा नवरा माझ्या सासूनं वाढवला. मला वहिनी म्हणायचा मेला!”

“मग तुम्हाला तर कळायला हवं.”

“कळतं गं. म्हणून तर काही सुचत नाही.”

आयपेरीनं आजीची बाही ओढली. “आई, वहिनी का रडतेय?”

दहाला खिंड उघडली.

“ताई, सीट एक की दोन?” तोलोगोननं सुनेला विचारलं.

गाडी सुरू झाली, तरी आयपेरीचा एक हात सासूच्या मुठीत होता, दुसरा सुनेच्या.