थ्रॉटल अडकलं नव्हतं

डेरहॅम पोलीस ठाणे, नॉरफक परगणा. शुक्रवार, दि. २ मे २०१४. दुपारी २ वाजून १० मिनिटे.

नाव हेस्टर अ‍ॅन लारवुड, वय ५७ वर्षे, धंदा शर्यतीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांची इंजिनं बांधणे, राहणार मिल लेन, थॉर्पली.

मी वरील नावाची बाई आज कुणी बोलावल्याशिवाय ठाण्यात आले असून, सार्जंट पेट्रा हॅल्स यांच्यासमोर बसून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. थॉर्पली गावच्या जुन्या लष्करी विमानतळावर एका शेडमध्ये माझा आणि डेस्मंड थ्रॉवर, वय ६३, यांचा भागीदारीत कारखाना आहे. त्याला एकोणीस वर्षं झाली. आम्ही हलक्या, उघड्या, फक्त ट्रॅकवर चालवायच्या गाड्या बांधतो. सांगाडा, चाकं, ब्रेक हे डेस्मंडकडे आणि इंजिन माझ्याकडे. त्याला सगळे डेस म्हणत, म्हणून पुढे मी डेस असंच सांगते.

शनिवार दि. २६ एप्रिल रोजी घटनास्थळी कॉन्स्टेबलसाहेबांनी विचारल्यावर मी सांगितलं होतं की, थ्रॉटल अडकलं, ते मीच बसवलं होतं आणि चूक माझी आहे. ते खोटं होतं. सांगत होते तेव्हाही मला ते खोटं आहे हे माहीत होतं. ते मागे घ्यायला मी आले आहे.

थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपा. पेडलवर पाय दाबला की त्या उघडतात, पाय काढला की स्प्रिंगच्या जोरानं मिटतात. त्या मिटल्या नाहीत तर गाडी आवरत नाही.

सदर इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं असून स्वॉफहॅमच्या एका दंतवैद्य बाईंच्या गाडीसाठी बांधलं होतं. त्या घटनेच्या दिवशी हजर नव्हत्या. गाडीचं वजन चारशे ऐंशी किलो. एवढ्या हलक्या गाडीला दांडगं इंजिन घातलं तर नाक जड होतं आणि ती वळत नाही, म्हणून लहान इंजिन घेऊन त्याच्याकडून जास्त फेरे काढायचे, असं ठरलं. मिनिटाला नऊ हजार दोनशे. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन साडेसहा हजारांना धापा टाकतं. नऊ हजारांना प्रत्येक पिस्टन सेकंदाला दीडशे वेळा वर जाऊन खाली येतो. तिथं माफी नसते. मी चारही पिस्टन आणि त्यांना जोडलेले चारही रॉड तराजूवर अर्ध्या ग्रॅमच्या आत सारखे केले. रॉडचा प्रत्येक बोल्ट आवळताना किती ताणला गेला ते मोजून वहीत लिहिलं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा आठ हजार आठशेला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थरथरायला लागल्या, म्हणून सगळं उघडून स्प्रिंगा बदलल्या आणि पुन्हा बांधलं. एकूण चौदा महिने लागले. वही सोबत आणली आहे.

दि. ११ एप्रिल रोजी शेडमध्येच ताकद मोजणीच्या यंत्राला जोडून इंजिन पूर्ण फेऱ्यांवर चालवलं. डेस काचेबाहेर कानात बोळे घालून उभा होता. बंद केल्यावर तो आत आला आणि म्हणाला, "माझी सासू रागावली की आठ हजारांपर्यंत जायची. हे तिच्याही पुढं गेलं, बाई." तो मला बाईच म्हणत असे.

मला जे आधी दिसलं होतं तेही सांगते. सार्जंट हॅल्स यांनी ते विचारलेलं नाही.

मार्चच्या सुरुवातीपासून डेसनं कारखान्याची व्हॅन चालवणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी मी त्याला घरून घ्यायचे आणि संध्याकाळी सोडायचे. असे सात आठवडे गेले. दि. ११ मार्च रोजी दुपारी त्याच्या हातून एक पिस्टन खाली पडला. एकोणीस वर्षांत त्याच्या हातून कधी काही पडलं नव्हतं. मी वळून बघितलं तर तो फरशीवर बसला होता. मी म्हटलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही. तू शेड किती घाण ठेवतेस ते खालून बघतोय." मी हसले. पिस्टन उचलून उजेडात धरला. कडेला चरा गेला होता, नवा मागवावा लागला. डेसकडे मी पुन्हा बघितलं की नाही, ते आठवत नाही.

दि. २६ एप्रिल रोजी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी आम्ही गाडी ट्रेलरवरून धावपट्टीवर उतरवली. धावपट्टी अर्नेस्ट गूच यांच्या मालकीची आहे. ते दोन्ही बाजूंना साखरेचं बीट लावतात आणि मधली पट्टी आम्हाला चाचणीला देतात. प्रत्येक वेळी ते एक कागद भरून घेतात. गाडी चालवणाऱ्याची तब्येत ठीक आहे आणि डॉक्टरांनी त्याला मनाई केलेली नाही, असं त्यात असतं. डेसनं तो व्हॅनच्या बॉनेटवर ठेवून भरला. मी विचारलं, "यंदा डॉक्टरांकडे गेला होतास का?" तो म्हणाला, "जाऊन आलो." "काय म्हणाले?" "म्हणाले, या बाईचा छळ तू अजून दहा वर्षं सोसशील." मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. कागद वाचला नाही.

मी त्याला म्हटलं, "गुडघ्याचं काय? दुखत असेल तर मी बसते." मला ती गाडी चालवता येते. तो म्हणाला, "तू बांधायचं आणि मी पळवायचं, हे एकोणीस वर्षं चाललंय. आज सोयरीक मोडायची आहे का?" मी त्याचे पट्टे आवळून दिले.

पहिली धाव सहा हजार फेऱ्यांची आणि दुसरी आठ हजारांची झाली. दोन्ही वेळा तो थांबण्याची खूण म्हणून ठेवलेल्या नारिंगी शंकूंपाशी पाय काढून, वळून परत आला. दुसऱ्या धावेनंतर त्यानं हेल्मेट काढलं आणि चहा घेतला. चीज-लोणच्याचं अर्धं सँडविच खाल्लं, अर्धं मला दिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. सकाळ गार होती. मला वाटलं, हेल्मेटचा असेल. तो म्हणाला, "आता पूर्ण सोडतो. कान देऊन ऐक. चौथ्या गिअरला काही खटकलं तर सांग."

तिसरी धाव १० वाजून ५२ मिनिटांनी सुरू झाली. मी शेडच्या बाजूला उभी राहून ऐकत होते. दुसरा गिअर, तिसरा, चौथा. काही खटकलं नाही. नऊ हजार दोनशेला इंजिनची ठिणगी आपोआप तुटते, म्हणजे फेरे त्याच्या पुढं जात नाहीत. तेव्हा तडतड असा आवाज येतो. चालवणारा तो ऐकताच गिअर बदलतो नाही तर पाय काढतो. तडतड सुरू झाली आणि सुरूच राहिली. शंकू मागे गेले. गाडी वाकडीतिकडी झाली नाही, ब्रेकचा लाल दिवा लागला नाही. ती सरळ गेली, धावपट्टी संपली, गवत संपलं आणि पलीकडच्या मातीच्या बांधाला लागली. तडतड तेव्हाही चालू होती.

मी व्हॅन घेऊन तिथं गेले. गाडीचं नाक बांधात घुसलं होतं, मागची चाकं वर उचलली जाऊन हवेत फिरत होती आणि इंजिन पूर्ण फेऱ्यांवर चाललं होतं. मी बाहेरचं बटण फिरवून ते बंद केलं.

त्यानंतर मी जे केलं ते क्रमानं सांगते. बॉनेट उडून गेलं होतं, इंजिन समोर दिसत होतं. मी आधी थ्रॉटल बघितलं. चारही झडपा पूर्ण उघड्या होत्या. मी त्या बोटानं ढकलून पाहिल्या, मिटल्या नाहीत. मला वाटलं, अडकल्या, आणि अडकल्या तर माझ्यामुळे. मग मी खाली वाकून आत बघितलं. डेसचा उजवा बूट पेडलवर होता. मी घोट्याला धरून त्याचा पाय उचलला. तेव्हा झडपा मिटल्या. टक असा आवाज आला. मिटायला हव्यात तशाच मिटल्या.

त्याच्यानंतर मी त्याच्या मानेला हात लावला.

मध्ये किती वेळ गेला, असं सार्जंट हॅल्स यांनी विचारल्यावरून सांगते की, अर्धं मिनिट असेल. जास्तही असेल. त्या वेळात मी त्याला हाक मारली नाही.

गूच ट्रॅक्टरवरून आले. त्यांनी मला बाजूला केलं, पट्टे कापले, त्याला गवतावर आडवं घेतलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. रुग्णवाहिकेला फोन त्यांनीच केला. ते मला सारखं म्हणत होते, "हेस्टरबाई, त्याच्याशी बोला. त्याला ऐकू येत असेल तर तुमचा आवाज ओळखीचा आहे." मी म्हटलं, "चौथ्याला काही खटकलं नाही." रुग्णवाहिका ११ वाजून १६ मिनिटांनी आली. ११ वाजून ४० मिनिटांनी त्यातल्या लोकांनी छाती दाबणं थांबवलं.

कॉन्स्टेबलसाहेबांना मी थ्रॉटलचं खोटं का सांगितलं, असं विचारल्यावरून सांगते की, माझ्याकडे नीट कारण नाही. यंत्र बिघडलं तर ते उघडता येतं, कुठं बिघडलं ते बोट ठेवून दाखवता येतं. मी तीस वर्षं तेच करते. डेसनं पाय का काढला नाही हा विचार मला त्यावेळी करायचा नव्हता. पाय मी उचलला होता हे मी कुणालाच सांगितलं नाही.

मंगळवारी पोलिसांच्या वाहन तपासनिसांनी मला कळवलं की, थ्रॉटलची स्प्रिंग आणि केबल शाबूत आहेत. गाडीतल्या नोंदीप्रमाणे शेवटची सात सेकंदं ब्रेक दाबलेला नाही, क्लच दाबलेला नाही, स्टिअरिंग हललेलं नाही. डेसच्या हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या खणाखाली डॉक्टरांचं दि. २७ फेब्रुवारीचं पत्र मिळालं, ते मला दाखवण्यात आलं. हृदयाचे ठोके चुकतात, केव्हाही शुद्ध जाऊ शकते, कोणतंही वाहन चालवू नये, असं त्यात लिहिलं आहे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी फोन करून विचारलं की, त्या अर्ध्या मिनिटानं काही फरक पडला असता का. ते म्हणाले, बहुधा नाही, बांधाला लागण्याआधीच हृदय थांबलं असावं, बहुधा. तो शब्द त्यांनी दोनदा वापरला.

इंजिन बांधात शिरूनही फुटलेलं नाही. त्यात दोष नाही. दोष निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

बुधवार दि. ३० एप्रिल रोजी सकाळी अकराच्या सुमारास डेसची बायको म्यूरिअल थ्रॉवर शेडवर आली. ती शेडवर सहसा येत नाही. मी चहा ठेवला. तिनं कोट काढला नाही. ती म्हणाली, "तू का नाही बसलीस?"

मी म्हटलं, "कुठं?"

"गाडीत. तू बसणार होतीस ना? तो मला म्हणाला, हेस्टरला सगळं सांगितलंय. ती मला व्हॅनच्या स्टिअरिंगला हात लावू देत नाही, शनिवारी तीच चालवणार, मी नुसता उभा राहून शिव्या घालणार."

मी म्हटलं, "मला त्यानं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं."

म्यूरिअल म्हणाली, "त्याच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं गं."

ती खुर्चीवर बसली. ती म्हणाली, "तू रोज त्याला दारात सोडायचीस. मी खिडकीतून बघायचे. तुला माहीत आहे असं धरून चालले होते. मनात म्हणायचे, एकटीवर भार नाही, आपण दोघी आहोत."

त्या सात आठवड्यांत मी एकदाही व्हॅनमधून उतरून त्यांच्या घरात गेले नाही. म्यूरिअल बाहेर आली नाही. आम्ही काचेतून एकमेकींना हात करायचो.

मग मी तिला थ्रॉटलचं सांगितलं. पायाचं सांगितलं. मानेला हात नंतर लावला, तेही सांगितलं. ती रडली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही. तिनं विचारलं, "पोलिसांना हे सांगितलंस?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "त्यानं तुला एक खोटं सांगितलं, मला एक सांगितलं. तिसरं तू कशाला सांगतेस? जा आणि खरं लिहून दे." मी म्हटलं, लोक त्याला मूर्ख म्हणतील. ती म्हणाली, "म्हणू देत. मीही म्हणतेय."

न वाचता सही केल्याबद्दल आणि खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, हे सार्जंट हॅल्स यांनी मला समजावून सांगितलं आहे. मला ते समजलं आहे. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

वरील मजकूर सार्जंट हॅल्स यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला. मानेला हात लावण्याचा भाग हवा तर गाळता येईल, तपासाला त्याची गरज नाही, असं त्या म्हणाल्या. मी गाळू नका म्हटलं. बाकी सर्व मी सांगितलं तसंच लिहिलं आहे आणि ते खरं आहे.

सही
हेस्टर अ‍ॅन लारवुड

समक्ष
पेट्रा हॅल्स, सार्जंट
दुपारी ४ वाजून ५ मिनिटे