नातं नसताना

काका, म्हणजे आईचे दुसरे यजमान, गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोन प्रोग्रामर लॅपटॉप उघडून बसले होते.

“पत्ता तपासायची मेथड, तोच कोड, तू ग्राहक आणि दुकान अशा दोन्ही क्लासमध्ये चिकटवलीस?”

“ग्राहकाला लागते, दुकानालाही लागते, ताई.”

“उद्या चूक निघाली की दोन्हीकडे निस्तरत बस.”

“मग दोघांना एकच बाप क्लास देऊ, वारशानं मिळेल?”

“ग्राहकाचा आणि दुकानाचा बाप एक कसा असेल? नसलेलं नातं लावू नकोस. मेथड वेगळ्या ट्रेटमध्ये ठेव, तो कुणाचाच बाप नसतो, दोघं तिथून घेतील.”

“म्हणजे बाप नाही, पण कसब त्याचं?”

“हो. आणि वापरताना अगदी स्वतःचं असल्यासारखं.”

काका माझ्याकडे वळले.

“ऐकलंस? गाडी मागे घेताना तू मान बाहेर काढतेस ना, ती माझी मेथड.”

“काका, हळू बोला. ऐकतील ते.”

“ऐकू देत की. आम्ही कुठं बाप म्हणवून घेतोय?”

दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या बाईंनी काकांचे कागद भरताना विचारलं, “यांच्या पत्नी आहेत?”

“आई मागेच गेली.”

“मग तुम्ही यांच्या कोण?”

“मुलगी. हे माझे बाबा.”